गाळलेली बेरी

म्हसळ्यात तूप कढवण्याच्या बाबतीत फरिदाभाभी म्हणजे हायकोर्ट. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. माझं लोणी गॅसवर चढलं की त्या खिडकीतूनच ओरडतात, "कल्पिता, गॅस बारीक कर, लागतंय खाली!" इतक्या हक्काने मला ओरडणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून मीही ऐकून घेते. त्यांचं तूप रवाळ आणि नितळ. तळाची बेरी मलमलच्या फडक्यातून गाळून बाजूला काढायची, हा त्यांचा कायदा. तुपात बेरीचा एक कण दिसला तर भाभींना घरात केर राहिल्यासारखं वाटतं.

त्यांचा मुलगा आमिर कतारला असतो. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. सून अफरीन उरणची, वडील न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला. सुट्टी संपताच आमिर विमानात बसला आणि मागे दोन गोष्टी ठेवून गेला, बायको आणि एक छोटा ओव्हन. भाभींना बायको पसंत होती. ओव्हनबद्दल त्यांनी मत राखून ठेवलं होतं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. नवी सून पहिल्या ईदला स्वतःच्या हाताने काहीतरी गोड करते आणि दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, गल्लीतल्या सगळ्या बायका ते खायला जमतात. आम्ही हिंदू घरातल्याही जातो. म्हणायला कौतुक, खरं तर परीक्षाच ती. त्या दिवशी जे नाव पडतं ते सुटत नाही. एकीचा शीरखुर्मा खाली लागला होता, ती आता आजी झाली तरी 'लागलेल्या खुर्म्याची' म्हणूनच ओळखली जाते.

अफरीनने कुकी करायच्या ठरवल्या. नानखटाईचीच बहीण म्हणून भाभींनी परवानगी दिली, आणि साय साठवून काढलेलं घरचं लोणीही दिलं.

ईदच्या दुपारी पाहुणे पांगल्यावर अफरीनने ते लोणी कढवलं. तूप झालं तरी गॅस बंद केला नाही. पार बदामी रंग येऊन बेरी तांबूस झाली, तेव्हा पातेलं उतरवलं आणि ते निवेपर्यंत आमिरशी फोनवर बोलायला ती आत गेली. तेवढ्यात भाभी स्वयंपाकघरात आल्या. झाकण उचललं आणि रंग बघून त्यांना वाटलं, पोरीने लोणी जाळलं!

एक हाक मारली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नव्या सुनेला तिची चूक दाखवायची नाही, गुपचूप निस्तरायची, असं त्यांच्या मोठ्या मनाने ठरवलं. मोठ्या मनाचं हे असंच असतं, ते विचारत नाही. त्यांनी सगळं फडक्यातून गाळलं. कमी भरलं म्हणून डब्यातलं आपलं नितळ तूप वर ओतलं. फडकं खळबळून दोरीवर टाकलं. बेरी फेकवेना, म्हणून साखर घालून उभ्या उभ्याच खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जमलो. कुकी फिक्या, पसरलेल्या, चवीला नुसत्या गोड. आम्ही "छान, छान" म्हणत पाण्याचे ग्लास शोधू लागलो. गोदूबाईच्या तोंडाला सगळी गल्ली घाबरते. ती म्हणाली, "बिस्कीट हाय. चायत बुडवलं की जाईल पोटात."

बायका हसल्या. मीही हसले. अफरीन खाली बघत म्हणाली, "माझंच चुकलं आजी. लोणी बिघडलं माझ्याकडून."

"पोर हाय अजून," भाभी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मी शिकवीन तिला लोणी कढवायला."

त्या दिवसापासून गल्लीत अफरीनचं नाव 'बिस्किटवाली' पडलं.

पुढे रेवदंड्याचा कोणी कतारला निघाला, तेव्हा आमिरने बायकोच्या हातच्या कुकी मागवल्या. भाभी पदर खोचून शिकवायलाच उभ्या राहिल्या. पण अफरीनने या वेळी पातेल्याजवळची जागा सोडली नाही. बदामी लोणी तिने बेरीसकट पिठात ओतलं.

"अगो, बेरी गाळली न्हायस?"

"अम्मी, बेरीतच तर सगळी चव असते."

पहिला घाणा निघाला. भाभींनी तुकडा तोंडात टाकला आणि तिथेच थांबल्या. ही चव त्यांच्या ओळखीची होती. ईदच्या दुपारी साखर घालून त्यांनी हीच खाल्ली होती.

"म्हंजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी फडकं दोरीवर होतं, अम्मी. पिवळं झालेलं."

"मग तू बोलली का न्हायस?"

"दुकानं बंद होती, दुसरं लोणी नव्हतं. आणि बायकांसमोर काय बोलणार? तुमचं एवढं नाव आहे."

हे सगळं भाभींनी मला मागच्या दारात उभ्या राहून सांगितलं. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. मला कुकी दिल्या आणि म्हणाल्या, "गोदूबाईकडं जायचं हाय. एकटीला जमायचं न्हाय, तू चल." त्या बायकांत हसणारी मीही होते, त्यामुळे नाही कशी म्हणणार?

गोदूबाईने कुकी तोंडात टाकली आणि डोळेच मिटले. "फरिदा, ही तुझीच. वळखली मी. त्या बिस्किटवालीला जन्मात जमायचं न्हाय."

भाभींचे कान लाल झाले. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"माझी न्हाय ती. अफरीनची हाय. त्या दिवशीची माझी व्हती. तिचं चांगलं लोणी मी गाळलं, बेरी मी खाल्ली, आणि वर तुमच्याम्होरं तिलाच शिकवायला निघाले. बिस्किटवाली म्हणायचं तर मला म्हणा."

गोदूबाईने ताट पुढे ओढलं आणि उरलेल्या कुकी आपल्या डब्यात भरल्या.

आम्ही परतलो तेव्हा अफरीन दारातच उभी होती. "आवडल्या का त्यांना?"

भाभींना तिच्याकडे बघवेना. रिकामं ताट तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "पुढल्या टायमाला ते फडकं माझ्यापासून लपवून ठेव."

अफरीन खुदकन हसली. भाभींना काही हसता आलं नाही.