पाठीला माती लागली का?

चूक माझीच होती. गुप्तहेराच्या मारधाडपटांच्या मालिकेतला शेवटचा सिनेमा आला, तेव्हा मी आमच्या साप्ताहिकात परीक्षण लिहिलं आणि हसू यावं म्हणून एक ओळ घातली : 'मंगळवार पेठेतले एक दूधवाले सिनेमालाही कुस्तीच समजतात.'

ते खरंच समजत. तरुणपणी तालमीत घुमलेले, कान अजून मोडलेले. दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून पेले भरता भरता ते गिऱ्हाइकांना प्रत्येक सिनेमाचा निकाल देत. खलनायक गोळीनं मेला की म्हणत, "ही काय कुस्ती हाय व्हय? पाठीला माती लागल्याबिगर निकाल न्हाय!" मालिकेत एकाही खलनायकाच्या पाठीला ती लागली नव्हती. त्यामुळे या शेवटच्यावर त्यांची सगळी आशा होती. आणि त्यात खलनायक विमानातून थेट समुद्रात पडला. मी मात्र बिनदिक्कत लिहिलं, नायक जिंकला.

अंक निघाल्यावर कट्ट्यावर गेलो. त्यांनी माझा पेला भरला, पण वर बघितलं नाही.

"मामा, रागावलात?"

"आमाला हसा की, पावणं. पर निकाल खोटा छापू नगा."

एरवी मला 'मास्तर' म्हणणाऱ्या माणसानं परक्यासारखं 'पावणं' म्हटलं. पेला तसाच ठेवून उठलो. मी सिनेमा पुन्हा पाहिला आणि पुढच्या अंकात चौकट छापली :

'दुरुस्ती. खलनायकाच्या पाठीला माती लागलेली आम्हांस दिसली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. नायकाला जिंकवल्याबद्दल आणि पंचांना हसल्याबद्दल मामांची माफी मागतो.'