बगळीच्या उताराला कुंपण

फर्दापूरच्या वरच्या डोंगरात एका उतारावर पांढऱ्या आमरीची, म्हणजे जंगली ऑर्किडची, वीसेक झाडं होती. मी शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण ही दुर्मीळ फुलं मला दाखवली ती तिथं शेळ्या चारणाऱ्या एका धनगर मावशींनी. त्या त्यांना बगळी म्हणायच्या.

फुलं येत होती, पण फळ धरत नव्हतं. लांब सोंडेचा एक पतंग यांचे पराग नेतो, तोच दिसेनासा झाला होता. खालच्या कपाशीवरची फवारणी त्याला भोवली असावी. शेवटी श्रावणात मी फर्दापूरला आठ दिवस खोली घेतली आणि पतंगाचं काम स्वतःच करू लागले. दात कोरायची काडी फुलात घातली की परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या तिला चिकटायच्या. त्या दुसऱ्या फुलात नेऊन टेकवायच्या.

"म्हंजी ह्यांचं लगीन लावता व्हय?" मावशींनी विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काडी मागून घेतली. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. महिन्याभरात शेंगा फुगल्या.

त्या आनंदात मी सरकारी कार्यालयाला अहवाल पाठवला. उतारावर चराई बंद करावी, कुंपण घालावं, असं त्यात लिहिलं. शेळीनं आमरी खाल्लेली मी एकदाही पाहिली नव्हती. अशा अहवालात हे असतंच, म्हणून लिहिलं.

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, शेरडं बगळीला तोंड लावत नाय. गवत खाऊन जागा मोकळी करत्यात, म्हणून तर ती वर येती."

"मावशी, ह्यात शास्त्र असतं," मी म्हणाले. त्यांनी शेळ्या पुढं हाकल्या.

कुंपण झालं. पुढच्या पावसाळ्यात आत कमरेएवढं गवत माजलं आणि त्यात मला चारच झाडं सापडली. त्यानंतरच्या वर्षी दुपारपर्यंत गुडघ्यांवर बसून गवत चाळलं, एकही नाही. थोडी चराई पुन्हा सुरू करावी, असं पत्र मी लिहिलं. आपल्याच अहवालानुसार क्षेत्र बंद केलं आहे, असं उत्तर आलं.

मावशींनी शेळ्या विकल्या होत्या. जवळपास दुसरं रान नव्हतं. फर्दापूरच्या एका लॉजमागं त्या चादरी धूत होत्या.

"मावशी, तुमचं खरं होतं. माझं चुकलं."

"मी तवाच सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. चादर पिळून त्यांनी दोरीवर टाकली. मी तशीच उभी आहे हे पाहून म्हणाल्या, "खोली पायजे असंल तर मालक म्होरं बसलाय."

मी एसटीनं परत आले.