आजीला न भिणारा नातू

लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास, असं आमच्या कामाचं भारदस्त नाव. प्रत्यक्षात मी ठोकळे, बाहुली आणि खुळखुळा पिशवीत घालून अकोल्याच्या जुन्या शहरात दारोदार फिरायचे. पोरांना वयाप्रमाणे काय जमतं ते बघायचं आणि कुणी मागे पडत असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं. मी अमरावतीची, माझं डोकं तापायला उन्हाची गरज नाही. आणि तिथल्या एका गल्लीनं तर माझ्या अभ्यासाची पार बोर्डाची परीक्षा करून टाकली होती.

मी पोराला म्हणायचे, "बाळा, ठोकळे रच," की मागून आत्या, मावशी, शेजारीण सगळ्या सुरू. "ठेव ना बे! कालच तं शिकवलं तुले!" एका आईनं तर काड्यापेट्यांवर सराव करून घेतला होता. "अवो बाई, इथं कोणी नापास होत नसतं!" असं मी ओरडायचे. ऐकतंय कोण?

सगळ्यांवर कडी कोपऱ्यावरच्या आजीची. तिनं तोंड उघडलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा शेपूट घालायची. मुलगा, सून, दूधवाला, सगळे तिला भ्यायचे. एक नातू तेवढा भीत नसे. दोन वर्षांचं ते पोर, आजी कितीही गरजली तरी आपलं खेळण्यात दंग.

"वाघ हाये वाघ! मले भेत नाही थो," ती छाती काढून सांगायची.

"आजी, पण तो बोलत कसा नाही?"

"त्याचा बाप बी उशिराच बोलला. आता पाहा, थांबते काय?"

तिची सून मात्र मला निरोप द्यायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, थो मले अजून आई म्हनत नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कानामागे खुळखुळा वाजवला. पोरगं झटकन वळलं. जमलेल्या बायांनी टाळ्या पिटल्या, सुनेच्या जिवात जीव आला. मी दुसऱ्या कानामागे हात नेला, तर हा बहाद्दर खुळखुळा वाजायच्या आधीच वळला! मी समोर पाहिलं. आजी भुवया उडवून, हनुवटीनं त्याला माझा हात दाखवत होती.

माझं टाळकंच सटकलं. "आजी! कॉपी करून राहिल्या काय तुमी?"

"मंग? एवढ्या लोकाइत पोराची इज्जत जाऊ देऊ?"

"भिंतीकडे तोंड करून बसा!"

आजी चक्क बसली. मी खुळखुळा वाजवला. पोरगं वळलं नाही. दुसऱ्या बाजूनं जोरात वाजवला, तरी नाही. टाळ्यांसाठी उचललेले बायांचे हात तसेच खाली आले.

"आजी, तशाच बसून हाक मारा त्याला."

भिंतीकडे तोंड करूनच तिनं अशी हाक मारली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. नातवानं शांतपणे ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. आजी वळली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"म्हंजे थो मले भेत नाही, थे..." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मलाही रडू आलं. एवढा वेळ मी तिच्यावर खेकसत होते.

मुलगा म्हणत होता, अजून थोडं थांबून पाहू. आजीनं त्याला एका शब्दात गप्प केलं आणि नातवाला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. तपासण्यांसाठी किती खेटे घातले, तिलाच माहीत. शेवटी कानाची मशीन बसवायच्या दिवशी तिनं मलाही ओढून नेलं.

मशीन बसवणाऱ्या मॅडमनी बजावलं, "आता अगदी हळू हाक मारा."

हळू! आजीला ते कधी जमलं होतं? तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात "बाप्पू!" म्हटलं. पोरगं दचकलं. ओठ काढले, भोकाड पसरलं आणि आईच्या पदरात तोंड खुपसून बसलं. सून हसत होती, रडत होती, त्याला घट्ट धरून होती.

मी म्हटलं, "आजी, हळू, हळू!" पण ती थांबते कुठली? बाहेरच्या रांगेपुढे उभी राहून ती अख्ख्या दवाखान्याला सांगत होती, "भेला वं माय! माहा नातू मले भेला!"