गिलाव्याआडचं बीळ

जमैकाच्या त्या डोंगरी गावात कुणी गेलं की वर्षभरानं मातीची कबर सिमेंटनं बांधायची, आणि ते काम लिनव्हल गवंड्याचंच. दुसऱ्याला बोलावलं तर मेलेला माणूसही रुसेल, असं गाव म्हणायचं, आणि स्वारीला त्याचा तोरा होताच.

मिस आयसिल्डाच्या नवऱ्याची कबर घरामागच्या उतारावर होती. उशाशी मातीची दरड. ती ढासळू नये म्हणून तिलाही गिलावा करायचा होता. लिनव्हलनं थापी उचलली, तोच हिरव्या पाठीचा, लाल गळ्याचा इवलासा रॉबिन पक्षी चोचीत अळी घेऊन दरडीतल्या बिळात शिरला. आत पिल्लं कलकलली. आठवडाभर थांबला असता तर ती उडून गेली असती, हे न कळायला तो काय परगावचा होता? पण लंडनहून आलेली म्हातारीची लेक दोन दिवसांत परतणार होती, उद्याच्या जेवणासाठी बोकड कापून झाला होता. एवढ्या लोकांना थांबवायचं कशासाठी, तर पाखरासाठी? सगळे हसले असते. रॉबिन बाहेर पडल्यावर लिनव्हलनं मुकाट्यानं बीळ लिंपून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कबरीवर रम शिंपडली, गाणी झाली, मटणाची ताटं फिरली. आणि रॉबिन आला. चोचीत किडा धरून गिलाव्यापुढं फडफडायचा, फांदीवर टेकायचा, पुन्हा यायचा.

मिस आयसिल्डाचे डोळे भरून आले. "बघ गं, तुझे बाबा आलेत. हे नवं घर आवडलं त्यांना."

लेक आईच्या गळ्यात पडली. वर्षभरात म्हातारी पहिल्यांदाच अशी हसत होती.

लिनव्हलनं ताट खाली ठेवलं. गिलावा अजून पुरता सुकला नव्हता. उठून फोडला असता तर पिल्लं कदाचित वाचलीही असती. पण म्हातारीचं हसू कसं मोडायचं, असं स्वतःला बजावत तो बसून राहिला. हसूबिसू सगळं निमित्त. चारचौघांत आपली चूक कबूल करायची त्याला भीती वाटत होती, आणि त्या भित्रेपणाची शिसारीही येत होती.

लेक गेली त्या सकाळी तो धावतच आला आणि गिलावा फोडला. आत सगळं गार पडलं होतं.

आवाज ऐकून मिस आयसिल्डा बाहेर आली. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. तिनं वाकून बिळात पाहिलं.

"म्हणजे हे आलेच नव्हते तर," ती म्हणाली.

"चुकलं माझं, मिस आयसिल्डा. तुम्ही खूश होतात, म्हणून..."

"अरे, काल सांगायचंस ना. मीच फोडला असता गिलावा."

तिनं पदरासारखा एप्रन पुढं धरला आणि एकेक पिल्लू त्यात ठेवायला सांगितलं.