मोटरसायकल मीच बांधली होती

धाकट्या भावाला अर्धांगवायू झाला आणि तो चेन्नईतलं मैलापूर सोडून शहराबाहेर समुद्रकाठच्या कोवलमला राहायला गेला. "माझी मोटरसायकल निदान डोळ्यांसमोर असू दे," तो म्हणाला. मी ती ट्रेलरवरून न्यायची ठरवली. फोनवर त्याने बजावलं, "अण्णा, स्टँडवर ठेवू नको. सरळ उभी करून हँडलपासून पट्टे खाली ओढ, पुढचे शॉक दबले पाहिजेत."

मला ते जास्तीचं वाटलं. मी गाडी स्टँडवरच तिरकी ठेवली आणि सीटवरून दोर टाकला. ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणाला, वाटेत थांबून गाठी बघू. मी म्हटलं, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून चाकाखाली लिंबू चिरडलंय, आता काही होत नाही.

एका गतिरोधकावर दोर सैल झाला आणि मोटरसायकल रस्त्यावर फरफटत गेली.

भावाने वाकलेलं हँडल पाहिलं. "कोणी बांधली?"

घरात आम्ही मराठीच बोलायचो. ड्रायव्हरला फक्त तमिळ येत होतं. तो शेजारीच गाडी सावरून उभा होता.

"ह्यानेच," मी म्हणालो.

भावाने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो अदबीने हसला. त्याला पुन्हा कधी त्या घरी बोलावलं गेलं नाही. आता भाऊ नाही, आणि ड्रायव्हर कुठे आहे ते मला ठाऊक नाही.