माझ्या ग्रहाचा गुलाबी समुद्र

कॉलेजात दोन वर्षं विज्ञान शिकल्यावर पृथ्वी मला अपुरी पडू लागली. म्हणून मी स्वतःचा एक ग्रहच तयार केला. त्याचा समुद्र गुलाबी, कारण त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव तरंगत असत. प्रत्येकाला दोन शेपट्या, पोटात तांबडा ठिपका आणि अंगाला केवड्याचा वास. ठाण्यातल्या आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात मी या जीवांची अकरा चित्रं काढली. खाली सही इतकी ऐसपैस केली, की बाराव्याला जागाच उरली नाही.

खरं सांगायचं तर हा सगळा आयत्या बिळावर नागोबा. वडील ज्या मिठागरात राबायचे, तिथलं पाणी मी बाटलीत भरून कॉलेजात नेलं होतं. वैशाखात मीठ धरायच्या सुमाराला वाफ्यांतलं पाणी तांबूस होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते मी कागदावर उतरवलं; माझा स्वतःचा म्हणाल तर फक्त केवडा. पण मिठागराचं नाव घेतलं की बाप तिथे मजूर आहे हेही सांगणं आलं. त्यापेक्षा परग्रह बरा!

अंकाच्या प्रकाशनाला मी लेख मोठ्याने वाचला. बोलावलं नसतानाही वडील आले होते, दाराशी उभे होते. केवड्यापर्यंत त्यांनी कळ काढली.

"केवरा नाय," ते म्हणाले. "त्या पान्याला कुजका वास येतो."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण जाऊन आलात वाटतं त्या ग्रहावर?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि चांगला जोरात. या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही हे सगळ्यांना कळायला हवं होतं. "हे सुचलं कुठून तुला?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं. "आपोआप, सर," मी म्हणालो. वडिलांनी तेही ऐकलं.

घरी जाताना ते पुढे, मी मागे. मिठाने चिरलेल्या त्यांच्या टाचा मला स्पष्ट दिसत होत्या. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. ते रागावले असते तर मी वाद घातला असता, त्यात मी पटाईत होतो. पण त्यांनी थांबून अगदी मनापासून विचारलं,

"तुझे त्या ग्रहावर मीठ कोन काढतो रं?"

"कोणीच नाही, बाबा. तिथे माणसंच नाहीत."

"मंग बरा हाय," ते म्हणाले, आणि जपून पाऊल टाकत पुन्हा चालू लागले.