बॅटरीची अंगभर पूजा

ये, जवळ बस सुमे. वाणगावहून झाईला यायला तुला वर्ष लागतं, दुबईहून माणसं लवकर येतात. आणि मोबाइल ठेव खाली, मी बोलतेय. यंदा आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं, ते चांगलं धडधाकट असताना.

नारळी पुनवेनंतरची मोसमातली पहिली फेरी. आमच्या खाडीत भरतीचं पाणी उतरलं की होडी चिखलात बसते आणि तो दिवस गेलाच. बाकीच्या होड्या निघून गेल्या. तुझे काका बटण दाबतायत, इंजिन म्हणतंय घर्र, आणि गप्प.

"प्लग गेला," हे म्हणाले. प्लग बदलला. घर्र.

"पेट्रोलात पाणी असेल." पेट्रोल बदललं. घर्र.

"नजर लागली," मी म्हणाले. मीठ-मिरची ओवाळली. डबी हातात होतीच म्हणून बॅटरीला आणखी थोडा शेंदूर चोपडला. या वेळी नुसतं टक.

"तू जरा लांब उभी राहा," हे म्हणाले. (चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या शांतपणे कधी बोलले नव्हते. मी घाबरले.)

पाणी उतरत गुडघ्यावर आलं तेव्हा आमची सून हेमा डबा घेऊन आली. झरीची, शेतकऱ्याची लेक. मी तिला ऐकवायचे, "तुला भाताची लावणी कळते, समुद्र नाही."

"बाबा, मी बघू?"

"हा काय तुझ्या बापाचा ट्रॅक्टर आहे?"

"बॅटरी तशीच असते."

पिशवीतून तिनं दोन तारांचा छोटा मीटर काढला. (फोनवर यांच्या शिव्या ऐकूनच आणला होता.) तारा बॅटरीच्या दोन बोंडांना टेकवल्या. "दाबा बटण." आकडा बारा. मग त्याच बोंडांवर आवळलेल्या वायरींच्या पकडींना टेकवल्या. "परत दाबा." टक. आकडा धाडकन चारवर.

"बॅटरी ठणठणीत आहे. वीज बोंडापर्यंत येते, पकडीत शिरत नाही."

सुमे, अंगावर काटा आला. मी पाण्याचा रंग बघून मासळी सांगते, त्याचा मला केवढा तोरा. या पोरीनं कुणाला न दिसणारी वीज कुठे अडली, तिथं बोट ठेवलं.

तिनं पान्यानं पकड उघडली. आत तेलात कालवलेला शेंदूर, लाडूसारखा थापलेला. त्यात चार अक्षता.

"आई, हे?"

"पुनवेची पूजा," मी म्हणाले. "वरवर काय करायची? पकडी काढून आतपर्यंत लेप दिला."

हे आभाळाकडे बघत राहिले. हेमा हसली नाही, पण तिचे खांदे हलत होते. पूजेच्याच नारळाच्या काथ्यानं तिनं बोंडं लख्ख घासली, पकडी आवळल्या. बटण दाबताच इंजिन असं गरजलं की बगळे उडाले. मीटरवर चौदा. "आता चार्जिंगही होतंय," ती म्हणाली. होडी तळ घासत निघाली, पण निघाली. मी किनाऱ्यावर उभी राहून हात जोडले. कुणाला, ते तिला सांगू नकोस.

आता इंजिनाच्या झाकणावर तिनं रंगानं एक गोल आखलाय, वाटीएवढा. माझी पूजा तेवढ्यातच. मला बॅटरीची पेटी उघडायची तर शेजारी एक शहाणं माणूस हवं, अशी घरात अट आहे. घरातली शहाणी माणसं सारखी कामात असतात, तेव्हा पुढच्या नारळी पुनवेआधी तूच ये गं बाई, लवकर ये.